संबंधित अनुभव : शून्य वर्षे

आमच्या सोसायटीच्या बी विंगची लिफ्ट गेल्या श्रावणात बंद पडली. यात बातमी काही नाही, लिफ्ट असते तिथे ती बंद पडतेच. बातमी अशी, की ती बंद पडणार हे पंधरा दिवस आधी एका माणसानं सांगितलं होतं. गेटवर बसणाऱ्या सुभेदारसाहेबांनी. "वरच्या मोटरचा आवाज बदललाय. चौथ्या मजल्याच्या वर गेली की कण्हते," असं त्यांनी चेअरमनना सांगितलं आणि वहीत तारीख घालून लिहूनही ठेवलं. चेअरमन हसले. मीही हसलो असेन, आता आठवत नाही. पंधरा दिवसांनी बेअरिंग गेलं आणि सातव्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यानं खाली आणलं. त्या चौघांत एक सुभेदारसाहेब होतेच.

रात्री मी खाली सिगारेट ओढायला गेलो होतो (हो, सुटलेली नाही, त्यावर वेगळा लेख होईल), तेव्हा विचारलं, "तुम्हाला कळलं कसं हो?"

"अठ्ठावीस वर्षं कानच तर लावून बसलो होतो, साहेब," ते म्हणाले. पुढे काही नाही.

नंतर हळूहळू, महिन्याला एखादं वाक्य या दरानं, कळत गेलं ते असं. सातारा जिल्ह्यातलं गाव. बारावी अर्धवट टाकून भरती. सिग्नल्समध्ये मोर्स शिकले आणि पुढची सगळी नोकरी पलीकडच्या बाजूचे संदेश ऐकण्यात गेली. कुठे, कुणाचे, काय ऐकलं हे विचारायचं नाही. विचारलं तर ते गेटचं रजिस्टर उघडून बसतात. एकदाच एवढं बोलले, की मोर्सच्या कळीवर प्रत्येक माणसाचा हात वेगळा असतो, तबलजीचा असतो तसा. दोन महिने ऐकलं की नाव माहीत नसलेला माणूस ओळखीचा होतो, आणि तो अचानक दुसऱ्याच ठिकाणाहून वाजवायला लागला की समजायचं, त्याची अख्खी तुकडी हललीये. संदेश फोडता आला नाही तरी चालतं. (यात गुपित काही नाही बरं का, दुसऱ्या महायुद्धावरच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात हे सापडेल.)

आता हा माणूस बारा तासांची पाळी करतो आणि स्विगीवाल्या पोरांची नावं लिहून घेतो.

इथवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात 'बिच्चारे' आलं असेल. ते जरा बाजूला ठेवा. सुभेदारसाहेबांना पेन्शन आहे, गावाकडे शेती आहे, थोरली मुलगी नर्स आहे. त्यांना आपली कीव नकोय. मला वाटते ती कीव नव्हे, मला राग आलाय, आणि तो आपल्या धंद्याचा आलाय. का, ते सांगतो.

आमच्या कंपनीत (नाव कशाला, सगळ्या सारख्याच) ग्राहकांच्या नेटवर्कवर रात्रंदिवस नजर ठेवणारा एक विभाग आहे. काचेची खोली, भिंतभर स्क्रीन, तीन पाळ्या. काम काय, तर येणाऱ्या हजारो अलर्टमधला खोटा कुठला आणि खरा कुठला हे ओळखायचं. नव्याण्णव वेळा काहीही नसतं. शंभराव्या वेळी असतं, आणि त्या वेळी समोरचा माणूस जागा असावा लागतो. तिथे पोरं टिकत नाहीत. रात्रपाळीला कंटाळतात, सात-आठ महिन्यांत दुसरीकडे उडी मारतात, आणि जाताना 'रोज तेच तेच' असं एक्झिट इंटरव्ह्यूत सांगून जातात. मला वाटलं, इथे सुभेदारसाहेब! रोज तेच तेच ऐकून त्यातलं एक वेगळं ओळखायचं, हेच तर त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. टूल्स शिकवायला दोन महिने लागतील, लागू देत. पोरांना नाही का लागत?

मी रेफरल टाकलं. सिस्टीमनं अर्ज पहिल्याच पायरीवर परत पाठवला. पदवीचा रकाना सक्तीचा. दहावी, बारावी, पदवी तिन्हींत ६० टक्के हवेत, शिक्षणात खंड नको. मी एचआरमधल्या मुलीला फोन केला. चांगली आहे ती, तिचा काही दोष नाही. तिनं सिस्टीमला वळसा घालून अर्ज हातानं भरून दिला आणि मला स्क्रीन दाखवली. 'एकूण संबंधित अनुभव' या रकान्यात तिला पटेल असं एकच उत्तर होतं : शून्य वर्षे.

गंमत बघा. ज्याला आपण बाबू आणि लालफीत म्हणून नाकं मुरडतो, त्या सरकारनं सुद्धा पंधरा वर्षं सेवा केलेल्या दहावी पास माजी सैनिकाला गट 'क'च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं धरायची सोय केव्हाच करून ठेवलीये. आणि आपण? 'इनोव्हेशन'वाले आपण!

त्या आठवड्यात मी जॉन टिल्टमनबद्दल वाचत होतो, म्हणून हे जास्त झोंबलं.

टिल्टमन हे नाव तुम्ही ऐकलं नसण्याची शक्यता मोठी आहे. ट्युरिंग सगळ्यांना माहीत असतो. तरुण, एकटा, तऱ्हेवाईक, सिनेमात शोभणारा. ब्लेचली पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे केम्ब्रिजमधली विस्कटलेल्या केसांची पोरं येतात. ती होतीच, आणि थोर होती, वाद नाही. पण त्याच आवारात स्कॉटिश पलटणीची चौकड्यांची विजार घालून फिरणारा एक मध्यमवयीन लष्करी अधिकारीही होता. तो खास बनवून घेतलेल्या उंच टेबलापाशी उभा राहून पेन्सिलीनं संकेतलिपी फोडायचा. त्याला तिथे 'ब्रिग' म्हणत. शिस्तीचा असा वेडा, की कडक सॅल्यूट ठोकत, बूट आपटत आलेल्या नव्या शिपायाला त्यानं म्हणे आधी विचारलं, बाबा रे, हे बूट घातलेच पाहिजेत का? दुसरे जोडे घालून येत जा, डोकं चालत नाही या आवाजात.

हा माणूस १८९४ मध्ये जन्मला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढला, जखमी झाला, मिलिटरी क्रॉस मिळालं. मग लष्करानं रशियन शिकवलं, आणि १९२० मध्ये लंडनच्या संकेतलिपी खात्यात भाषांतराचं साचलेलं काम उपसायला काही दिवसांसाठी पाठवलं. ते 'काही दिवस' पुढे साठ वर्षं चालले.

आणि यातली पहिली मोठी उमेदवारी कुठे झाली? शिमल्याला! १९२१ ते १९२९ अशी आठ वर्षं तो हिंदुस्थानच्या लष्करी मुख्यालयात होता आणि मॉस्कोहून काबूल आणि ताश्कंदला जाणारे रशियन संदेश वाचत होता. हिंदुस्थानी लष्कराचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून व्हायचा, म्हणजे म्हटलं तर या साहेबाचं शिक्षण आपल्या पणजोबांच्या पैशानं झालं. असो. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तिथला गट पाचेक माणसांचा होता. एवढ्याशा गटात 'हे माझं काम नाही' म्हणायची सोय नसते. कुठला संदेश पकडायचा हे ठरवायचं, कोण कुणाशी किती वेळा बोलतो याचा हिशेब मांडायचा, संकेत फोडायचा, भाषांतर करायचं आणि शेवटी साहेबाला समजेल असा अहवालही लिहायचा. आज आपण ज्याला 'फुल-स्टॅक' म्हणून पगारवाढ मागतो, ते हा माणूस शंभर वर्षांपूर्वी शिमल्याच्या थंडीत करत होता. पुढे म्हातारपणीही तो त्या वर्षांना आपलं नशीब मानायचा.

१९२९ ला लंडनला परत, पुढच्या वर्षी लष्करी विभागाचा प्रमुख. तिसाव्या दशकात कोमिन्टर्नचे संदेश फोडले. जपानी लष्करी संकेत फोडले, आणि तेही जपानी येत नसताना सुरुवात करून. १९३९ च्या उन्हाळ्यात जपानी नौदलानं नवी संकेतपद्धत आणली, तिची रचना काय असावी हे त्यानं काही आठवड्यांत ओळखलं. हे सगळं पेन्सिल आणि कागदावर.

पण मला सांगायचाय तो किस्सा ऑगस्ट १९४१ चा. आपल्यासारख्यांना त्याची खरी चव कळेल, म्हणून जरा तपशिलात जातो.

जर्मन सैन्याच्या वरिष्ठ मुख्यालयांमध्ये लॉरेन्झ नावाचं यंत्र वापरलं जात होतं. एनिग्मापेक्षा बरंच गुंतागुंतीचं. टेलिप्रिंटरचं अक्षर म्हणजे पाच बिट्स, यंत्र त्यात किल्लीची पाच बिट्स मिसळायचं, एक्सॉर. सोपं. ३० ऑगस्टला एका जर्मन ऑपरेटरनं सुमारे ४००० अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडून उत्तर आलं, नीट मिळाला नाही, परत पाठव. यानं कंटाळून यंत्र पुन्हा त्याच जागी फिरवलं (सक्त मनाई होती) आणि तोच संदेश परत टाईप करायला घेतला. आता दोन्ही वेळा तंतोतंत तेच टाईप केलं असतं, तर काहीच हाती लागलं नसतं. दोन सारख्या ओळींचं एक्सॉर शून्य. पण चार हजार अक्षरं दुसऱ्यांदा बडवायची म्हणजे कंटाळा येणारच. त्यानं पहिलाच शब्द आखडता घेतला. 'संदेश क्रमांक' या अर्थाचा लांबलचक जर्मन शब्द दुसऱ्या वेळी 'सं. क्र.' सारखा लिहिला. तिथून दोन्ही मजकूर एकमेकांच्या पुढेमागे झाले.

दोन गुप्त मजकूर एकमेकांत मिसळले की किल्ली उडून जाते आणि उरते ती दोन साध्या मजकुरांची खिचडी. त्यातला तांदूळ आणि डाळ वेगळी करायची. एका मजकुरात इथे अमुक शब्द असेल असा अंदाज करायचा, तो वजा केला की दुसऱ्या मजकुरात काय येतं ते बघायचं, अर्थ लागला तर पुढे, नाही तर मागे. टिल्टमननं हे सुमारे दहा दिवस केलं आणि दोन्ही मजकूर सोडवले. त्यातून जवळपास ४००० अक्षरांची शुद्ध किल्ली हातात आली.

गणित इथे फारसं नाहीये. गणित अकरावीचं आहे. लागतं ते हे, की जर्मन लष्करी कारकून वाक्य कसं सुरू करतो, कुठे आखडतो, कंटाळला की काय गाळतो, हे माहीत असणं. वीस वर्षं कारकुनांचे संदेश वाचल्याशिवाय हे येत नाही. कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

ती किल्ली मग बिल टट नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराच्या टेबलावर आली. त्यानं ती चौकटीच्या कागदावर लिहून काढून, कोणी डोळ्यांनी न पाहिलेल्या यंत्राची अंतर्गत रचना सांगितली. हा मात्र शुद्ध बुद्धीचा चमत्कार होता, आणि तो तरुण डोक्याचाच होता. पुढे टपाल खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्सनं त्या कामासाठी कोलोसस बांधलं, जे फेब्रुवारी १९४४ मध्ये कामाला लागलं. तुम्ही-मी ज्याच्यावर पोट भरतो, त्या यंत्राच्या थेट पूर्वजांपैकी एक.

आता वयं बघा. टट चोवीस. फ्लॉवर्स कोलोससच्या वेळी अडतीस. आणि टिल्टमन त्या ऑगस्टात सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस! आपल्याकडे सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात पेन्सिल घेऊन स्वतः काम करणाऱ्या माणसाला काय म्हणतात? 'याचं काहीतरी चुकलं' म्हणतात. सात वर्षांत लीड, दहाव्या वर्षी मॅनेजर, पंधराव्या वर्षी डिलिव्हरी बघणारा कोणीतरी, आणि त्यानंतर कोडला हात लावायचा नाही, कारण तो तुमच्या 'बँड'ला शोभत नाही. सून बघायला गेल्यावर नाही का विचारत, मुलगा अजून कोडिंगच करतो का हो? माझ्या मावशीनं माझ्या बायकोला चक्क विचारलंय.

हे कुठून आलं, तर पिरॅमिडमधून. ग्राहकाला माणसाच्या तासाचा दर लावायचा, आणि दर ठरलेला असताना नफा वाढवायचा एकच मार्ग : खाली स्वस्त माणसं भरायची आणि सरासरी अनुभव कमी ठेवायचा. या हिशेबात पंधरा वर्षं तेच काम अधिकाधिक चांगलं करत गेलेला माणूस हा चक्क तोटा असतो. त्याच्यापुढे दोन दरवाजे. वर जा, म्हणजे मॅनेजर हो. नाहीतर बाहेर जा. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीनं २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीवरची असतील हेही सांगितलं. तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये तिशीतली पोरं म्हणाली, बरंच झालं, डेडवुड होतं. माझ्या ताटातला वरणभात संपायचा होता. मी काही बोललो नाही.

बोललो नाही याला कारण आहे. मी स्वतः एकदा हेच केलंय.

मी तेव्हा एकतिशीत होतो, नुकता लीड झालो होतो. टीममध्ये पन्नाशीला आलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे 'काका' म्हणत, तोंडावर आदरानं आणि पाठीमागे जरा वेगळ्या सुरात. मेनफ्रेमच्या काळातला माणूस. प्रत्येक गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचे नाहीत. मला ते हळू वाटायचे. वार्षिक मूल्यमापनात मी लिहिलं, गती कमी आहे, नव्या तंत्राशी जुळवून घेण्यात उत्साह दिसत नाही. दोन ओळी. त्या वर्षी यादी निघाली आणि काका त्या यादीत होते. माझ्या दोन ओळींमुळेच असं नाही म्हणता येणार, पण त्या दोन ओळी फाईलमध्ये होत्या. पुढच्या मार्चअखेरीला व्याजाच्या हिशेबातली एक गोष्ट बिघडली आणि आम्ही सहा जण अकरा दिवस शोधत होतो. सापडली तेव्हा त्याच जागी काकांच्या आद्याक्षरांसह एक टीप होती : लीप वर्षात हे तपासणे. आम्ही ती टीप अकरा दिवसांत बहुधा दहा वेळा वाचली असेल. कोणालाच तिचा अर्थ कळला नाही, कारण ज्याला कळला असता तो घरी बसला होता.

त्यांना फोन करावा असं तेव्हाही वाटलं होतं. केला नाही.

तर आता आक्षेप, कारण ते येणारच. पहिला : टिल्टमन अपवाद होता, प्रत्येक म्हातारा टिल्टमन नसतो. कबूल. पण प्रत्येक तरुणही ट्युरिंग नसतो, आणि ती शक्यता गृहीत धरून आपण दरवर्षी कॉलेजांतून हजारांनी भरती करतो ना? दुसरा : तंत्रज्ञान बदलतं, जुनं ज्ञान कुजतं. हा आक्षेप खरा आहे, अर्धा. टिल्टमन कागदी संकेतपुस्तकांच्या जमान्यात शिकला आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळं यंत्रांकडे गेलं. तो शेवटपर्यंत पेन्सिलवालाच राहिला. पण लॉरेन्झचा दरवाजा पेन्सिलीनंच उघडला, आणि तो उघडला म्हणून आत यंत्र नेता आलं. भाषा आणि फ्रेमवर्क कुजतात, हे मीही दर तीन वर्षांनी भोगतो. कारकून कुठे कंटाळतो हे मात्र कुजत नाही. आता तर कोड लिहायला यंत्रंच आली आहेत. ती सफाईदार कोड लिहितात, त्यातला कुठला तुकडा मार्चअखेरीला कण्हणार हे सांगायला कोणीतरी ऐकलेला माणूस लागणार की नाही?

तिसरा आक्षेप माझ्या एका मित्राचा : इंग्रज काय फार गुणग्राहक होते का? ट्युरिंगचं काय केलं त्यांनी? बरोबर आहे. १९५२ मध्ये त्याला कोर्टात उभं केलं, १९५४ मध्ये तो गेला. त्या व्यवस्थेची आरती मला ओवाळायची नाही. मला तिचा एकच गुण हवाय, ज्याला काम येतं त्याला ते करू देण्याचा. जपानी भाषा शिकवायचा वर्ग काढायचा होता तेव्हा विद्यापीठातले तज्ज्ञ म्हणाले दोन वर्षं लागतील. टिल्टमन म्हणाला सहा महिने. शिकवायला शोधला तो कॅप्टन टक, पासष्ट वर्षांचा निवृत्त नौदल अधिकारी, जो जपानी बहुतांशी स्वतःच शिकला होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये बेडफर्डला लॅटिन-ग्रीक शिकणारी पोरं गोळा करून वर्ग सुरू झाला आणि उन्हाळ्यात ती पोरं जपानी संदेशांवर कामाला बसली. पासष्टीचा म्हातारा आणि विशीची पोरं, एका खोलीत. कोणी टकना 'संबंधित अनुभव' विचारला नाही.

आणि टिल्टमनचं पुढे काय झालं? १९५४ मध्ये साठीला तो रीतसर निवृत्त झाला. खात्यानं दुसऱ्या दाराने परत घेतलं, आणखी दहा वर्षं ठेवलं. १९६४ मध्ये, सत्तराव्या वर्षी, अमेरिकेच्या एनएसएनं त्याला बोलावून घेतलं. तिथे १९८० पर्यंत, म्हणजे ८५ ओलांडेपर्यंत, अडलेल्या प्रश्नांवर तो सल्ला देत होता. मधल्या काळात व्हॉयनिच हस्तलिखित नावाच्या, आजवर कुणालाही न वाचता आलेल्या पुस्तकाच्या नादी लागला. तेही जमलं नाही. त्यावर एक प्रांजळ निबंध लिहून मोकळा झाला. १९८२ मध्ये हवाईत वारला. २००४ मध्ये एनएसएनं आपल्या सन्मान दालनात त्याचं नाव लावलं, अमेरिकन नसलेला पहिला माणूस म्हणून.

यात एक कडू भाग आहे, आणि तो सुभेदारसाहेबांशी जोडलेला आहे. या कामातल्या माणसाला सीव्ही नसतो. ब्लेचलीचं गुपित १९७४ पर्यंत जाहीर झालं नाही. तोवर हजारो माणसं गप्प होती, नवऱ्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. टटनं काय केलं हे जगाला कळायला विसावं शतक संपत आलं. आणि फ्लॉवर्सची गोष्ट तर ऐकवत नाही. युद्धानंतर कोलोसससारखंच यंत्र बांधायला त्यानं बँकेकडे कर्ज मागितलं, म्हणे. बँकेनं नाकारलं, असलं यंत्र चालणारच नाही म्हणून. तो बापडा सांगू शकत नव्हता की साहेब, दहा चाललीयेत. युद्धातल्या कामाचे त्याला १००० पौंड मिळाले होते.

संबंधित अनुभव : शून्य वर्षे. हा रकाना काही आमच्या कंपनीचा शोध नाही.

फरक एवढाच, की टिल्टमनला ज्यांनी परत परत घेतलं त्यांना तो काय करतो ते माहीत होतं. आपल्याकडे सैन्यातून शिपाई म्हणून गेलेला माणूस चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे घरी येतो, सुभेदार झाला तर थोडा उशिरा. २०२२ पासूनच्या अग्निपथमध्ये तर चारातले तीन चार वर्षांतच परतणार. गुप्तवार्तेचं काम केलेल्याच्या तोंडाला वर १९२३ च्या कायद्याचं कुलूप. त्याची ओळख नागरी जगाला पटवून देणारं मधलं कोणीच नाही. माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं सुरक्षा एजन्सींना मान्यता देतं, आणि आपण त्या एजन्सीकडून 'एक्स-सर्व्हिसमन पाहिजे' म्हणून मागणी करतो, कारण तो सरळ उभा राहतो आणि दारू पिऊन येत नाही. माणसाच्या अठ्ठावीस वर्षांतलं आपल्याला तेवढंच दिसतं, ताठ पाठ. ते कान कुणाच्या हिशेबात नाहीत. आणि हे पुण्यात, जिथे लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाची प्रशिक्षण संस्था आहे, जिथून ही असली माणसं आणि आपली काचेची खोली यांच्यात जेमतेम तासाभराचं ट्रॅफिक आहे!

माझं म्हणणं फार मोठं नाही. धोरणं बदला, समित्या नेमा, असलं काही नाही. तुमच्यापैकी जे लीड आहेत, मॅनेजर आहेत, मुलाखतीच्या पॅनेलवर बसतात, त्यांनी साठ टक्क्यांची चाळणी आपल्या टीमपुरती काढून बघावी. पन्नाशीच्या माणसाच्या मूल्यमापनात 'गती कमी' लिहिण्याआधी त्याच्याबरोबर एक आठवडा बसावं. मला दोन ओळी लिहायला चार मिनिटं लागली होती.

सुभेदारसाहेबांना मी अर्जाचं काय झालं ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, तुमची पोरं हुशार असतात." मग म्हणाले, "ए विंगच्या पंपाचं बघायला सांगा जरा. सुरू होताना दोनदा ठोका देतोय."

पंपवाल्याला मी कालच बोलावलंय, चेअरमनना न विचारता. अर्ज सोमवारी परत टाकणार आहे. एचआरच्या मुलीशी बोलणं झालंय, ती म्हणते रकान्यात आकडा हातानं बदलता येतो, पण कारण लिहावं लागतं, शंभर अक्षरांत. तीन मसुदे केले. तिन्ही शंभराच्या वर जातायत.